जगातला सगळ्यात मोठा देश, म्हणे!

अहो, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या काकू आइसलंडची टूर करून आल्या. भिशीला फोटोच फोटो. ती काळी वाळू, तीच हो, 'दिलवाले'त शाहरुख-काजोल जिथे गाणं म्हणतात ती. मग धबधबे, मग आकाशातले ते हिरवे पडदे. फोटोंबद्दल माझी काही तक्रार नाही. पण शेवटी काकू म्हणतात कशा, "तिथे ना, सगळे एका रक्ताचे. बाहेरचं कोणी नाही. म्हणून तर देश इतका शांत आणि स्वच्छ." आणि आपल्या सगळ्या जणी मान डोलावतायत!

मी हातातली चकली बशीत ठेवली. म्हटलं, "काकू, हॉटेलात तुमची खोली कोण आवरत होतं?" "पोलंडची मुलगी होती." "नाश्त्याला?" "ती... फिलिपिन्सची असावी." "आणि बसचा ड्रायव्हर?" "तो पण पोलंडचाच गं, पण..." त्या 'पण'च्या पुढे काही आलंच नाही. चेहरा असा पडला म्हणता, मला क्षणभर वाईटसुद्धा वाटलं. क्षणभरच हं.

आता माझ्या नणंदेची मुलगी रेक्याविकला असते, त्यामुळे त्या देशाची अंडीपिल्ली आम्हाला ठाऊक. लोकसंख्या ती केवढी, चार लाखांच्या आत! त्यात पाचातला जवळपास एक बाहेर जन्मलेला. एकटे पोलंडचेच वीस हजारांच्या वर. आणि कामात कुठे कमी नाहीत, फिश फॅक्टरी म्हणू नका, बांधकाम म्हणू नका, हॉटेल म्हणू नका. तर कुठलं आलंय एक रक्त!

आणि रक्ताचं म्हणाल तर ते पहिल्यापासूनच भेसळीचं. रेक्याविकमधल्या 'डीकोड' कंपनीनं देशातल्या निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांचा डीएनए तपासलाय. त्यात काय निघालं? वडिलांकडून बघाल तर बहुतेक नॉर्वेकडचे. आणि आईकडून? निम्म्याहून जास्त घराणी निघाली आयर्लंड-स्कॉटलंडकडची! म्हणजे व्हायकिंग निघाले, वाटेत थांबून बायका घेतल्या, त्यातल्या कित्येक तर दासी म्हणून उचललेल्या, आणि मग गेले आपले बेटावर. हजार-अकराशे वर्षं झाली. पण त्या आज्यांचं नाव कोणी काढत नाही, मिरवतात ते सगळे व्हायकिंग.

बरं, ते एक राहू द्या. हान्स योनातानचं काय? अठराव्या शतकात कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉई बेटावर जन्मलेलं पोर, आई आफ्रिकन वंशाची गुलाम. मालकीणबाईनं त्याला कोपनहेगनला आणवलं. तिथे तो चक्क डेन्मार्कच्या बाजूनं 1801 साली एका लढाईत लढला. पण मालकीणबाई कोर्टात गेल्या, आणि 1802 साली न्यायाधीशांनी सांगितलं, हा बाईंची मालमत्ता, याला परत धाडा. हान्सनं निकाल ऐकला आणि झाला पसार! उगवला तो थेट आइसलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, द्यूपिवोगुरला. दुकानात काम केलं, शेती केली, तिथल्या मुलीशी लग्न केलं. गावात कोणी हूं की चूं नाही. आज त्याचे वंशज शेकड्यांनी आहेत. त्यातल्या 182 जणांच्या डीएनएवरून 2018 साली हान्सच्या आईकडच्या वारशाच्या नकाशाचा काही भाग पुन्हा जुळवला, आणि माणूस जाऊन दोनशे वर्षं होत आलेली!

आणि आता कान इकडे करा. याच देशानं दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला गुपचूप कळवलं होतं, तुमचं सैन्य पाठवा, पण त्यात काळे सैनिक नकोत. पुढे केफ्लाविकला अमेरिकन तळ झाला तेव्हाही तेच. कागदावर चारचौघांत काही नाही, सगळं कानातल्या कानात. मी भाचीला विचारलं, अगं, द्यूपिवोगुरच्या लोकांना कोणी विचारलं नाही का? ती नुसती हसली.

तर काय सांगत होते... हां, युद्ध. ते प्रकरण तर ऐकाच. 1940 चा मे महिना, इंग्रजांनी बेट न विचारता ताब्यात घेतलं. वर्षभरात अमेरिकन आले. देशाची वस्ती तेव्हा सव्वा लाखाच्या आत, आणि सैनिक इतके की तिथल्या कर्त्या पुरुषांच्या जवळजवळ बरोबरीनं. नवेकोरे युनिफॉर्म, चॉकलेटं, नायलॉनचे मोजे, नाचाचे कार्यक्रम. मुली नाचल्या. मग काय! गावोगाव कुजबुज. त्याला नावच पडलं, 'ती परिस्थिती'. अमकीची मुलगी परिस्थितीत आहे, तमकीची सून परिस्थितीत गेली. आपल्याकडे नाही का, नाव न घेता नुसता भुवईचा इशारा करतात... तसं.

इथपर्यंत ठीक, कुजबुज कुठे नसते? मी तरी काय करतेय आता! पण तिथे सरकार कुजबुजायला लागलं हो. 1941 साली समिती नेमली. पोलिसांकडे पाचशेवर बायकांची यादी, कोण कोणाबरोबर, कुठे दिसली, सगळं लिहून. पोलिसांतल्या एक बाई, आधी नर्स होत्या, त्या हे काम मन लावून करायच्या म्हणे. आणि 1942 साली क्लेप्यार्न्सरेकिर नावाच्या आडगावी एक घर काढलं, त्यात कोवळ्या कोवळ्या मुली नेऊन ठेवल्या. गुन्हा काय, तर परक्या पुरुषाशी बोलली. वर्षभरात ते घर बंद करावं लागलं, पण त्या मुलींवरचा शिक्का काही गेला नाही. त्या बाईंचे कागद तर कितीतरी वर्षं सीलबंद होते, अलीकडे उघडले. माझ्या भाचीच्या शेजारच्या आजी नव्वदीच्या आहेत. सिनेमाच्या, हवेच्या, भावांच्या, कशाच्याही गप्पा मारतील. 'त्या' वर्षांचं विचारलं की उठून कॉफी करायला जातात.

आणि गंमत पुढे आहे. युद्ध संपलं, देश 1944 साली प्रजासत्ताक झालेला, तोही कधी, तर डेन्मार्क जर्मनांच्या टाचेखाली असताना, 17 जूनला. तोवर खेड्यातल्या मुली गेल्या रेक्याविकला, शहरात पैसा, शहरात मजा. शेतावर राहिले कोण? अविवाहित शेतकरी आणि त्यांच्या म्हाताऱ्या आया. गायी कोणी पिळायच्या? तेव्हा शेतकऱ्यांच्या संघटनेनं 1949 साली उत्तर जर्मनीतल्या पेपरात जाहिरात दिली, कामाला माणसं हवीत. तीनशेच्या आसपास आली, बहुतेक बायकाच. युद्धात घरदार गेलेल्या, नवरे गेलेले, प्रियकर गेलेले. बऱ्याच जणी 'एस्या' बोटीतून उतरल्या. नोकरीचा करार होता हं, लग्नाचा नव्हे! पण त्या म्हाताऱ्या आयांना काय दिसत होतं ते तुम्हाला-मला सांगायला नको. पुष्कळ जणी तिथेच राहिल्या, लग्नं झाली, पोरं झाली, भाषा शिकल्या.

आता तुम्हीच सांगा. 1942 मध्ये आपली मुलगी परक्याशी बोलली तर कोंडायची. 1949 मध्ये परक्या मुली स्वतःच जाहिरात देऊन आणायच्या. सात वर्षांत रक्त एवढं कसं सैल झालं? मी सांगते कसं. मुलगी जाते तेव्हा देशाची अब्रू जाते आणि सून येते तेव्हा कामाला दोन हात येतात. सगळीकडचं गणित तेच.

पण नुसतं आलेल्यांचंच सांगत बसले, गेलेल्यांचं राहिलंच. हाच देश एकेकाळी पाचातला एक माणूस गमावून बसला होता, माहितीय? 1870 पासून पहिल्या महायुद्धापर्यंत पंधरा हजारांवर लोक अमेरिका-कॅनडाला गेले, आणि तेव्हा वस्ती सत्तर-ऐंशी हजार. थंडी, उपास, वर 1875 च्या मार्चमध्ये आस्क्या ज्वालामुखी फुटला, पूर्वेकडच्या कुरणांवर राखच राख. गुरं खाणार काय? लोक बोटीत बसले. मागे राहिलेल्यांनी नावं ठेवली, देश बुडवून निघाले म्हणून. बेनेडिक्ट ग्रोंडाल नावाच्या कवीनं 1888 साली या स्थलांतराविरुद्ध अख्खी पुस्तिका काढली, इतका संताप. आणि दुसरीकडे, हे हळू सांगते, काही गावच्या पंचायतींनी आपल्या गरिबांना स्वतःहून तिकीट काढून दिलं. वर्षानुवर्षं पोसण्यापेक्षा एकदाच भाडं स्वस्त! तोंडानं देशप्रेम आणि हातात बोटीचं तिकीट. बरं जमतं काही लोकांना.

त्यातले काही लोक 1875 च्या ऑक्टोबरमध्ये कॅनडात विनिपेग तलावाकाठी उतरले. गावाचं नाव ठेवलं गिमली, प्रांताला म्हणाले न्यू आइसलंड. पुढच्याच वर्षी देवीची साथ आली, शंभराच्या आसपास माणसं गेली. आणि ज्यांची ती मूळ जमीन, क्री आणि ओजिब्वे लोक, त्यांचीही वस्तीच्या वस्ती साथीत गेली, आणि जमीन गेली ती गेलीच. गिमलीच्या उत्सवात त्यांचं नाव फारसं निघत नाही असं भाचीची मैत्रीण सांगते, ती तिकडचीच.

त्या गिमलीवाल्यांचा केक माहितीय ना? विनारतेर्ता! पातळ पातळ बिस्किटासारखे थर, मध्ये प्रूनचं, म्हणजे सुक्या आलुबुखाराचं शिजवलेलं सारण, त्यात वेलची. वेलची हो, आपली! ही सगळी मंडळी बोटीत बसली तेव्हा आइसलंडमध्ये त्या केकची फॅशन होती. ती फॅशन बरोबर घेऊन गेले आणि तिथेच धरून बसले. दीडशे वर्षं! मायदेशी लोक पुढे गेले, वेगवेगळे केक करायला लागले, आणि इकडे कॅनडात मात्र भांडणं, थर सहा की सात, वर आयसिंग चालतं की महापाप. नातवंडांना आइसलंडिकचा एक शब्द येत नसेल, पण आयसिंग दिसलं की आजीच्या नावानं पेटून उठतात. मला विचाराल तर त्यात नवल नाही. आपल्या न्यू जर्सीच्या गणपतीत जा, अथर्वशीर्ष जितकं शुद्ध ऐकू येईल तितकं सदाशिव पेठेतही येणार नाही. गेलेला माणूस घड्याळ बंद करून जातो.

तर काय सांगत होते... नावं! मुख्य गोष्ट तर राहिलीच की. तिथे सहसा आडनाव नसतं, वडिलांचं नाव लावायचं, क्वचित आईचं. टेलिफोन डिरेक्टरीसुद्धा पहिल्या नावानं. आणि सरकारी यादीबाहेरचं नाव ठेवायचं तर ते तुम्ही ठरवायचं नाही, समिती ठरवते. 1991 पासून सरकारी समितीच आहे. नाव तिथल्या व्याकरणात बसलं पाहिजे, तिथल्या लिपीतली अक्षरं पाहिजेत. एका मुलीचं नाव आईनं ठेवलं 'झुळूक' अशा अर्थाचं. समिती म्हणाली, छे, हा शब्द पुल्लिंगी. झालं! पंधरा वर्षांची होईपर्यंत सरकारी कागदावर त्या पोरीचं नाव काय, तर नुसतं 'मुलगी'. बँकेत मुलगी, पासपोर्टवर मुलगी. शेवटी 2013 च्या जानेवारीत कोर्टात जिंकली. त्या समितीच्या मंडळींचे चेहरे मला बघायचे होते हो. 2019 मध्ये तर मुलाचं-मुलीचं नाव हा भेदच कायद्यानं काढून टाकला.

पण ही झाली आपल्या पोटच्या मुलांची गोष्ट. बाहेरून आलेल्यांचं काय? नागरिक व्हायचं असेल तर नाव बदला. कित्येक दशकं हाच रिवाज, 1996 च्या कायद्यापर्यंत. आपल्या बापानं ठेवलेलं नाव खुंटीला टांगायचं आणि आइसलंडिक नाव लावायचं. मासे कापणाऱ्यानं बदललं, गाय पिळणारीनं बदललं. आणि मग 1972 साली नागरिक व्हायला कोण आलं? व्लादिमीर अश्केनाझी! रशिया सोडून आलेला जगप्रसिद्ध पियानोवादक, बायको आइसलंडची. त्याला कोण म्हणणार नाव बदल? त्याच्या नावावर तर तिकिटं खपतात. त्याला सूट. ओळीत मागे उभ्या असलेल्यांनी काय म्हटलं असेल, तुम्हीच कल्पना करा.

आणि बॉबी फिशर! बुद्धिबळवाला. 1972 साली रेक्याविकला स्पास्कीला हरवून जगज्जेता झाला, त्याचं पुण्य केवढं! 2004 मध्ये जपानमध्ये कोठडीत अडकला, अमेरिका मागे लागलेली, तोंड तर इतकं घाण की ज्यूंबद्दल बोलायला लागला की लोक रेडिओ बंद करत. तरी 2005 साली तिथल्या अल्थिंगनं, म्हणजे संसदेनं, खास कायदा करून त्याला नागरिकत्व दिलं. ना भाषा, ना वर्षं मोजली, ना नाव विचारलं. 2008 मध्ये गेला बिचारा, सेल्फोसजवळच्या छोट्याशा चर्चच्या आवारात पुरलाय. मी नाही म्हणत देऊ नये. माणुसकी म्हणून दिलं असेल. पण मग तीच माणुसकी...

जाऊ दे. दोरितबाईंचं सांगते. दोरित मुसाएफ, जन्म जेरुसलेमचा, लंडनच्या जवाहिऱ्यांच्या घरातली. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओलाफुर ग्रिम्सन यांनी आपल्या साठाव्या वाढदिवसाला, 2003 साली, तिच्याशी लग्न केलं. साठाव्या! बाई धमाल. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकला हँडबॉलच्या पोरांनी रौप्यपदक आणलं, तेव्हा टीव्हीसमोर आनंदानं ओरडल्या, आइसलंड जगातला सगळ्यात मोठा देश! आणि 'सगळ्यात मोठा' म्हणतानाच व्याकरण सपशेल आपटलं, पहिलीतल्या पोरासारखं. जो देश नावातलं अक्षर न् अक्षर तपासतो, तो आता काय करणार? डोक्यावर घेतलं हो! ते चुकलेलं वाक्य घोषणा झाली. दोन महिन्यांत बँका बुडाल्या, तिन्ही मोठ्या, तेव्हा तर लोक तेच वाक्य रडवेलं हसत म्हणायचे.

मग पुन्हा बोटी... नाही, आता विमानं. 2009 मध्ये आले त्यापेक्षा पाचेक हजार जास्त लोक देश सोडून गेले, बरेचसे नॉर्वेला. पोलिश माणसंही परतली. पुढच्या वर्षी तो ज्वालामुखी फुटला, ज्याच्या नावानं सगळ्या जगाच्या न्यूज अँकरची जीभ वळली. टूरिस्ट लोटले आणि पोलिश माणसं पुन्हा आली, पहिल्यापेक्षा जास्त.

दोरितबाईंनंतरच्या एलायझा रीड, त्याही बाहेरच्याच, कॅनडाच्या! गिमलीवाले गेले त्याच्या उलट दिशेनं आलेल्या. ऑक्सफर्डला ग्वुदनी योहानेसन भेटले, 2003 ला आइसलंडला आल्या, 2016 ला नवरा राष्ट्राध्यक्ष. मी नवऱ्याची हँडबॅग नाही, असं चक्क न्यूयॉर्कच्या पेपरात लिहिलं त्यांनी. भाषा मात्र छान शिकल्या, उच्चार परके का असेनात. लागोपाठ दोन राष्ट्राध्यक्षांच्या बायका परदेशी, म्हणजे वीसेक वर्षं राजवाड्यातली घरधनीण बाहेरची. आणि काकू म्हणतात, बाहेरचं कोणी नाही!

पण माझं पोटतिडकीनं सांगणं वेगळंच आहे. बाहेरून आलेल्यांपैकी किती जण स्वतःला आइसलंडिक चांगली येते असं म्हणतात, ठाऊक आहे? ओईसीडी या संघटनेनं 2024 साली सांगितलं, पाचातला एकसुद्धा नाही. श्रीमंत देशांत सगळ्यात कमी. लगेच ओरड, हे लोक भाषा बुडवणार. अहो, पण शिकणार कधी? पहाटेपासून फॅक्टरीत फिले काढायची, शेजारी उभी ती पोलिश, पलीकडची थाई, मुकादम इंग्रजी बोलणारा. संध्याकाळी क्लासला जायचं तर पाय उभे राहत नाहीत, फी आपली आपण. आणि सात वर्षं राहून नागरिकत्व मागितलं की भाषेची परीक्षा, 2009 पासून.

माझी भाची चांगली चार वाक्यं जुळवून बेकरीत जाते. "दोन पाव द्या" म्हणते, अगदी त्यांच्या भाषेत. समोरची पोरगी उत्तर देते इंग्रजीत. उद्धटपणा नाही हो, उलट मदत म्हणून. पण राष्ट्राध्यक्षांच्या बायकोची चूक घोषणा होते आणि माझ्या भाचीची चूक ऐकायलासुद्धा कोणी थांबत नाही, हा काय न्याय झाला? त्या भाषेचं काय व्हायचं ते तिथल्या दुकानाच्या काउंटरवर ठरणार आहे, समितीत नाही.

तेव्हा तुमच्या ओळखीत कोणी तिकडे निघालं असेल ना, तर एवढं सांगा. विमानात बसायच्या आधीच ऑनलाइन क्लास लावा. आणि तिथे गेल्यावर समोरच्यानं इंग्रजी काढली तरी ढिम्म हलायचं नाही, आपलं मोडकं आइसलंडिकच रेटायचं. आमची भाची आता तेच करते. परवा म्हणे बेकरीतल्या पोरीनं तिला पहिल्यांदाच आइसलंडिकमध्ये विचारलं, पाव कापून देऊ का?